काळी, पांढरी आणि मुरूम : घराच्या सामानाचा एक परिसरपाठ



उन्हाळ्यात उजनीच्या जलाशयाचे पाणी ओसरू लागले म्हणजे काठच्या शाळांतील मुलांना एक निराळेच दृश्य दिसू लागते. गाळाने माखलेली जोती आणि पडक्या दगडी भिंती पाण्यातून वर येतात. करमाळा तालुक्यातील कुगाव येथे पाणी पुष्कळ खाली गेले की जुन्या गावातील इनामदारांचा वाडा उघडा पडतो. पलीकडच्या तीरावर, पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर २०२४ च्या उन्हाळ्यात असेच पाण्याबाहेर आले होते. भीमेवरील हे धरण १९८० साली पुरे झाले. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे ही बांधकामे बहुतेक काळ पाण्याखाली आहेत आणि तरीही उभी आहेत. त्यांच्या शेजारची साधी घरे मात्र कोठेच दिसत नाहीत. एक उभे का राहिले आणि दुसरे नाहीसे का झाले, हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप येतो.

आपण मात्र घरांचा पाठ शिकविताना कच्चे घर व पक्के घर अशी दोन चित्रे फळ्यावर काढून मोकळे होतो. कच्चे म्हणजे मातीचे व वाईट, पक्के म्हणजे सिमेंटचे व चांगले, एवढेच मूल त्यातून घेते. मीही अनेक वर्षे हा पाठ असाच घेतला, हे येथे कबूल केले पाहिजे. तोच पाठ आपल्या पायाखालच्या मातीपासून कसा सुरू करता येईल, ते पुढे मांडले आहे.

गावाची काळी आणि पांढरी

'काळी' व 'पांढरी' हे दोन शब्द मुलांनी घरी ऐकलेले असतात. काळी म्हणजे शिवारातील शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची, वस्तीची जमीन. हे शब्द केवळ रंगावरून पडलेले नाहीत. त्यांत पिढ्यांचे बांधकामशास्त्र साठविलेले आहे. आपल्या भागातील काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झाली. तिचे कण अत्यंत बारीक असून ते पाणी पिऊन फुगतात व वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ज्वारीला ही माती मानवते, भिंतीला मानवत नाही. पांढरी माती ही जुन्या वस्तीची माती होय. तेथे घरे पडली, पुन्हा उभी राहिली, चुलीची राख, शेण व चुना तिच्यात मिसळत गेला. ती काळीप्रमाणे फुगत नाही, म्हणून भिंत लिंपण्यास व छतावर घालण्यास लोक हीच माती शोधीत.

हे सांगून भागत नाही, करून दाखविले पाहिजे. काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्याचा साचा करून मुलांकडून काळी माती, पांढरी माती व चाळलेला मुरूम यांच्या लहान विटा पाडून घ्याव्यात आणि चार दिवस सावलीत वाळू द्याव्यात. काळीची वीट साच्याहून लहान झालेली व तडकलेली आढळेल. मुरमाची वीट बोटाने चुरडली जाईल. पांढरीची बहुधा अखंड राहील. त्यानंतर तिन्ही विटा पाण्याच्या भांड्यांत ठेवाव्यात व चौथ्या भांड्यात भाजलेल्या विटेचा तुकडा ठेवावा. मातीच्या तिन्ही विटा थोड्याफार वेळाने विरघळतील, पांढरीचीसुद्धा. भाजलेला तुकडा तसाच राहील. येथे मुलांना जुन्या वाड्याची व मंदिराची आठवण करून द्यावी. घडीव दगड, भाजलेली वीट व चुना ही पाण्याला दाद न देणारी सामग्री होती. मातीत बांधलेली साधी घरे जलाशयात विरघळून गेली, आणि त्यांतील लाकूड तर लोकांनी आधीच काढून नेले होते. उत्तर मुलांनीच द्यावे, आपण घाई करू नये.

याच्या पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. गाव हलले तेव्हा माणसांनी तुळया, खांब, चौकटी व दारे गाड्यांत घालून नव्या गावठाणात आणली. पांढरी मात्र आणता आली नाही. शेकडो वर्षांच्या वस्तीने तयार झालेली ती माती जुन्या गावाबरोबर पाण्याखाली गेली. नवे गावठाण बसले ते मुरमाड माळावर किंवा कोणाच्या तरी काळ्या रानात. तेथे मातीचे घर बांधावे तर माती नाही, आणि पूर्वीचे घर दुरुस्त करणारे हातही पांगलेले. धरणकाठच्या गावांत विटा, सिमेंट व पत्रा एवढ्या लवकर का रुजला, याचे एक कारण हे आहे. त्यास केवळ हौस किंवा फॅशन म्हणणे अन्यायाचे होईल.

माळवद : गुण आणि दोष

आपला जिल्हा कमी पावसाचा. वर्षास सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या वर जाणारा पारा, अशा हवेत कोकणासारखे उतरते कौलारू छप्पर आवश्यक नसते. येथे माळवद शोभते. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व चिपा, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणत व घर किती खणांचे यावरून त्याचे मोजमाप होई. जाड भिंतीतून व मातीच्या छतातून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. तोपर्यंत बाहेर संध्याकाळचा गारवा आलेला असतो. पत्र्याखाली हा विलंब मिळत नाही. ऊन पडले की पत्रा तापतो आणि तीच धग खालच्या माणसाच्या डोक्यावर येते.

तथापि, जुने ते सारे सोने असे मुलांना सांगू नये. माळवदास दरवर्षी पावसापूर्वी नवी माती घालावी लागते. वरच्या मातीवर माती चढत जाऊन छताचे वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व त्या बाजूच्या गावांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती गोलसर दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या. आतली व बाहेरची बाजू वेगवेगळी, मध्ये बारीक दगडांची भर, आणि दोन्ही बाजूंस बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. धक्का बसताच भिंती फुटल्या व वरचे जड छत खाली आले. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांनी नीट पेललेला होता तेथे भिंत पडूनही काही ठिकाणी छत तोलून राहिले. म्हणजे दोष मातीचाच होता असे नव्हे. बांधणीत आणि वजनात होता. पाचवीच्या मुलास हा भेद समजतो. पुस्तके रचून एक आडवे पुस्तक मध्ये घातले व न घातले, तर रास कशी ढासळते हे टेबल हलवून दाखविता येते.

नव्या सामग्रीचा हिशेब

सिमेंट मजबूत आहे, झटपट आहे, आणि त्यास नाके मुरडण्याचा अधिकार पत्र्याखाली दिवस काढणाऱ्यास तरी नाही. पण त्याची किंमत पोत्यावर छापलेली असते तेवढीच नसते. चुनखडी व माती सुमारे १४५० अंश उष्णतेत भाजून सिमेंटचा मूळ पदार्थ होतो. या भट्टीच्या इंधनातून व खुद्द चुनखडीतून कार्बन वायू सुटतो. जगात मनुष्याच्या हातून सुटणाऱ्या या वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. काँक्रीटला वाळू लागते, आणि भीमेच्या पात्रातील वाळूचे काय झाले ते काठच्या शिक्षकांस मी नव्याने सांगावयास नको. भाजलेल्या विटेस सुपीक माती व इंधन लागते. सोलापूरजवळ फताटेवाडीच्या औष्णिक वीजकेंद्रास उजनीचेच पाणी जाते. अशा केंद्रांतून निघणाऱ्या राखेच्या विटा भट्टीत न भाजता करता येतात. गावात बांधकाम चालू असेल तर दोन्ही प्रकारच्या विटा मुलांच्या हाती द्याव्यात, वजन करावे, पाण्यात ठेवून पुन्हा वजन करावे. गणिताचा तास त्यातच होतो.

सामग्री कोणतीही असो, पाया चुकला तर सारे चुकते. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या शाळेस दोन खोल्या होत्या. विटा चांगल्या, सिमेंटही कमी घातलेले नव्हते. पण पाया काळ्या मातीतच थांबविलेला होता, मुरूम लागेपर्यंत नेलेला नव्हता. पावसाळ्यात जमीन फुगे, उन्हाळ्यात बसे. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग गेली. पुढे ती खोली बंद झाली व दोन वर्ग व्हरांड्यात भरू लागले. आपल्या शाळेच्या नव्या खोलीचे काम निघेल तेव्हा मुख्याध्यापकांनी पायाचा खड्डा स्वतः पाहावा, मुरूम लागला की नाही विचारावे, आणि पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरणार नाही अशी फरशी भोवताली आहे ना हे तपासावे. अभियंत्याचे काम आपण करावयाचे नाही, परंतु प्रश्न विचारण्यास बंदी नाही.

गंमत अशी की घरास वैरीण असलेली हीच काळी माती धरणास उपकारक ठरते. महाराष्ट्रातील मातीच्या धरणांत पोटाशी काळी माती दाबून भरतात, कारण ती पाणी झिरपू देत नाही. तिला दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण देतात. उजनीच्या धरणात मध्ये दगडी बांधकामाचा, ४१ दरवाजांचा भाग आणि बाजूंस मातीचा भाग आहे. कोणती वस्तू कोठे वापरावी, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या मुलांस मिळणार नाही.

पाठ घेताना

एप्रिलमध्ये, शाळा सकाळची असली तरी, मुलांच्या गटांकडून दुपारी दोन व रात्री आठ वाजता पत्र्याचे घर, स्लॅबचे घर व असल्यास जुने माळवद यांतील तपमान आठवडाभर लिहून घ्यावे. पत्र्याच्या वर्गात लगेच करण्यासारखे उपाय दोन आहेत : पत्र्यास वरून पांढरा चुना देणे व आतून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधणे. उपायापूर्वीचे व नंतरचे आकडे भिंतीवर लावावेत. ग्रामपंचायतीपुढे मागणी नेताना ते उपयोगी पडतात.

घरी आजी-आजोबांना "जुन्या घरातून काय काय आणले?" असे विचारून यादी आणण्यास सांगावे. एखाद्या घरात आजही जुन्या गावची तुळई किंवा उंबरा असतो. मात्र ज्यांची जमीन व घर दोन्ही गेले अशा घरांत हा प्रश्न जखमेवर बोट ठेवतो. मूल यादी न आणता आले तर पुन्हा विचारू नये.

पाण्यातून वर आलेले अवशेष दाखविण्यासाठी मुलांना काठावर नेण्याचा मोह आवरावा. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो, त्यात पाय रुततो. होडीने तर मुळीच नेऊ नये. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जणांचा बळी गेला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. गावातील उंचवट्यावरून दिसेल तेवढे दाखवावे, छायाचित्रे वर्गात लावावीत, आणि विटांच्या साच्यासाठी काड्यापेट्या मात्र आठवडाभर आधीच जमविण्यास सांगावे, कारण हल्ली त्या घरोघर सहज मिळत नाहीत.