जुनं बंद करायला पुरावा लागतो

मस्कतच्या वॉर्डात एकाच पाळीत केरळची, फिलिपिन्सची, ओमानी आणि एखादी माझ्यासारखी मिरजेत शिकलेली सिस्टर असते. "आमच्याकडे असंच करतात" हे वाक्य सगळ्यांनाच पाठ. संशोधन वाचायची सवय मला त्या वादावादीतून लागली.

१. नवं काही सुरू करायला फारसं कुणी अडवत नाही. अडतं ते जुनं बंद करताना. सलाईनची सुई ७२ ते ९६ तासांनी बदलायचीच, हे आम्ही सगळ्या घोकून आलेल्या. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३,२८३ रुग्णांचा अभ्यास आला. ठरल्या वेळी सुई बदललेले आणि गरज पडली तरच बदललेले, दोन्ही गटांत शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच, ७ टक्के. निझवाकडच्या एखाद्या आजीचा मेंदीनं रंगलेला हात हातात घेतला, की शिरा बोटांखालून सरकतात. तिला घड्याळाकडे बघून पुन्हा टोचायचं कशाला?

२. पण 'गरज पडली तर' म्हणजे 'राहू दे तशीच' नव्हे. दर पाळीत जागा बघायची: लाली, सूज, दुखणं, गळती. काम संपलं की सुई त्याच दिवशी काढायची. वर चिकटपट्ट्यांची रांगोळी घातली तर खालचं दिसणार काय? पारदर्शक ड्रेसिंग हवं. अर्धवट वाचलेल्या संशोधनापेक्षा जुना नियम परवडला.

३. रमजानात बोट टोचून साखर तपासली तर रोजा मोडतो, असं मधुमेहाच्या कित्येक रुग्णांना वाटतं. मोडत नाही, असं मधुमेहाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा सोडा, असंही सांगतात. (इथल्या यंत्राचं एकक वेगळं, त्यावर तो आकडा ३.९ दिसतो, भारतातून नव्यानं आलेली सिस्टर पहिल्यांदा दचकतेच.) माझ्या मोडक्या अरबीत हे सांगितलं तर रुग्ण हसून हात मागे घेतो. ओमानी सहकारी खुर्ची ओढून बसते, आधी घरच्यांची खुशाली विचारते, मग विषय काढते. बोट पुढे येतं. मार्गदर्शक तत्त्वांच्या छापील प्रतीत ही खुर्ची नसते.

४. शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्यानं केस काढू नयेत. काढायचेच तर क्लिपरनं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली सांगितलं. इथे भाषण नको. ट्रॉलीतून रेझर काढून टाका.

५. आकडे आपल्या वॉर्डचेही हवेत. बदलाआधी आणि नंतर किती शिरा सुजल्या, किती वेळा पुन्हा टोचावं लागलं, एवढं एका तक्त्यावर लिहिलं तरी पुरे. "ते ऑस्ट्रेलियात चालतं" म्हणणाऱ्यांपुढे हाच कागद ठेवता येतो.

६. वाचन पाळी बदलताना, एका वेळी एकच लेख. नाईट करून निघालेल्यांना मात्र सोडावं. त्या मान डोलावतात ती झोपेनं.