अन्ननलिकेच्या कर्करोगाची नोंद आणि कोडरची जबाबदारी



अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींचे कोडिंग, म्हणजे त्यांतील निदानांना संकेतांक देण्याचे काम, सायलीने पुण्यात स्वीकारले असून आता कर्करोगाचे चार्ट तिच्याकडे येऊ लागले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच. डॉक्टरांनी लिहिलेले सर्व काही संकेतांकात यावे आणि न लिहिलेले काहीही येऊ नये, हे या कामाचे मूळ सूत्र होय. अन्ननलिकेच्या कर्करोगात त्याची कसोटी पदोपदी लागते.

१ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या रोगवर्गीकरणात या कर्करोगाला सी१५ हा गट दिलेला आहे. गाठ अन्ननलिकेच्या वरच्या तृतीयांशात असल्यास सी१५.३, मधल्यात सी१५.४, खालच्यात सी१५.५, लगतच्या भागांवर पसरलेली असल्यास सी१५.८ आणि जागा लिहिलेलीच नसल्यास सी१५.९ हा संकेतांक लागतो. शेवटचा संकेतांक सोयीचा असला, तरी संपूर्ण चार्ट वाचून झाल्याशिवाय कोडरने त्याला हात लावू नये. एंडोस्कोपीच्या अहवालात अनेकदा गाठीचे पुढच्या दातांपासूनचे अंतरच तेवढे सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. अशा वेळी मनाने तृतीयांश न ठरवता डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी आणि तिच्यात अपेक्षित उत्तर सुचवू नये.

अन्ननलिका जठराला मिळते त्या सांध्यावरील गाठीला सी१६.० हा जठराच्या गटातील संकेतांक मिळतो. मात्र रोगाची पायरी ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत, गाठीचा मध्य सांध्यापासून जठराकडे २ सेंटिमीटरच्या आत असेल, तर तीच गाठ अन्ननलिकेची मानली जाते. दोन्ही पद्धतींचे हेतू वेगळे असल्यामुळे एकीवरून दुसरीत फेरबदल करू नये.

‘संभाव्य कर्करोग’ असा शेरा बाह्यरुग्णाच्या कागदावर असेल, तर कर्करोगाचा संकेतांक न देता गिळण्यास त्रास होण्यासारखे लक्षणच नोंदवावे, कारण खात्री होण्याआधी चिकटलेले निदान रुग्णाच्या नोंदीत पुढे वर्षानुवर्षे राहू शकते. याउलट, गाठ काढल्यावरही तिच्यासाठी केमोथेरपी चालू असेल, तर चार्टमध्ये ‘पूर्वेतिहास’ असा शब्द दिसला म्हणून झेड८५.०१ हा पूर्वी होऊन गेलेल्या रोगाचा संकेतांक देऊ नये. केवळ केमोथेरपीसाठी आलेल्या रुग्णाच्या भेटीस प्रथम झेड५१.११ आणि त्यानंतर सी१५ मधील योग्य संकेतांक द्यावा.

या अक्षरअंकांवर विम्याचा दावा तर ठरतोच, पण पुढच्या डॉक्टरांना रुग्णाची ओळखही त्यांतूनच होते. बार्शी येथे १९८७ साली सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीसारख्या कार्याचा पायाही अशाच काटेकोर नोंदी असतात. म्हणून दिवसाकाठी किती चार्ट उरकले यापेक्षा प्रत्येक संकेतांकाला चार्टमधील कोणत्या वाक्याचा आधार आहे, हे दाखवता येणे सायलीने अधिक मोलाचे मानावे.



काका