धानाचे वाण : निवड आणि जतन

महसूल खात्यांत असतांना पीकपाहणीच्या कागदांत आम्ही 'धान' एवढाच शब्द लिहीत असूं. बांधींत कोणता वाण उभा आहे, हें विचारण्याचें कारण पडत नसे. त्यामुळें गांवचा एखादा जुना वाण नाहींसा झाला, तरी कागदावर कांहींच उणें दिसत नसे. निवृत्तीनंतर ही गोष्ट मनाला लागली, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यांतील उदाहरण घेऊं. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दिवंगत दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. सन १९८३ मध्यें 'पटेल ३' या वाणाच्या धानांत त्यांस कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या राखिल्या, वेगळ्या पेरिल्या, व हाच क्रम कित्येक वर्षें चालविला. त्यांतून बारीक दाण्याचा 'एच.एम.टी.' वाण निघाला. हें नांव त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून पडलें. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. त्यांचें धान शेजारच्या राज्यांतही पिकतें.

हें कसें घडतें? धानाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. म्हणून रोपाची संतति त्याच्यासारखीच निघते. क्वचित् परक्या परागाचा संकर होतो किंवा बीजगुण आपोआप पालटतो, तेव्हां निराळें रोप दिसतें. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहानसेन यांनीं १९०३ सालीं घेवड्यावरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, एकाच शुद्ध वंशांतील मोठे दाणे निवडून पेरले, तरी पुढील पिकाचा दाणा मोठा होत नाहीं. तात्पर्य, निवड ही नवें कांहीं निर्माण करीत नाहीं. जें भिन्न असेल त्यांतून वेचिते. भिन्नताच उरली नाहीं, तर वेचावें काय?

रानटी धानाचीही हीच गोष्ट. धान खुरटविणाऱ्या एका विषाणुरोगावर उपाय शोधतांना फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें हजारों नमुने तपासले. प्रतिकारगुण सांपडला तो उत्तर प्रदेशांतील रानटी धानाच्या एका नमुन्यांत. तोच गुण पुढें 'आय.आर. ३६' सारख्या वाणांत उतरविला गेला. बांधींतील रानटी धान तण म्हणून काढावेंच. परंतु तलावाच्या कांठीं तें असूं द्यावें. बोडी बुजविली म्हणजे तेंही जातें.

आतां कर्तव्य काय, तें सांगतों. कापणीपूर्वीं बांधींत फिरून निराळीं रोपें हेरावीं. बांधाकडेचें रोप घेऊं नये. मोकळी जागा मिळाल्यानें तें जोमदार दिसतें, तो वंशाचा गुण नव्हे. प्रत्येक लोंबीचे पऱ्हे वेगळे टाकावे, रोवणी एकेका रोपाची करावी, आणि तीन-चार वर्षें पारख करावी. जुन्या वाणाची निदान एक ओळ दरसाल लावावी. कोठींत पडून राहिलेलें बीं उगवणशक्ति गमावतें.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वयें गांवोगांवीं लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तींत आपल्या वाणांचीं नांवें व गुण अवश्य नोंदवावे. जें आम्हां कारकुनांकडून राहिलें, तें आपल्या हातून होवो.