गोंगाटाचे संगीत : उगम आणि अर्थ

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या अभ्यासवर्गात मी ‘औद्योगिक संगीत’ या विषयावर एक टिपण वाचले आणि शेवटी नमुन्यादाखल सात मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकवले. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरून कोणीतरी पंखा बंद करायला सांगितले. वस्तुतः पंखा बंदच होता. पाचव्या मिनिटाला आमच्या सरांनी हात वर केला आणि विचारले, “यात श्रोत्याने नेमके काय ऐकायचे?” प्रश्न सरळ होता आणि मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी शब्दांचा विचार करू. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात नियमित कंपनांचा तो स्वर आणि अनियमित कंपनांचा तो गोंगाट, असा भेद सांगितलेला असतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली स्वरसंवेदनांवरील आपल्या ग्रंथात तो मांडला. प्रयोगशाळेपुरता तो ठीक आहे. परंतु व्यवहारात आपण ‘गोंगाट’ म्हणतो तेव्हा कंपने मोजून म्हणत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दारावरून जाणारा वरातीचा बँड हा अभ्यास करणाऱ्याला गोंगाट असतो आणि वरबापाला तोच मंगलध्वनी असतो. म्हणजे गोंगाट हे ध्वनीचे नाव कमी आणि ऐकणाऱ्याने त्याच्याविषयी दिलेला निकाल अधिक. हा निकाल कोणी दिला आणि पुढे तो कोणी फिरवला, याचा इतिहास म्हणजेच या संगीताचा इतिहास होय.

तो सुरू होतो इटलीत. लुइजी रुसोलो हा मूळचा चित्रकार, भविष्यवादी मंडळातला. ११ मार्च १९१३ रोजी त्याने प्रातेल्ला या आपल्या संगीतकार मित्राला उद्देशून एक जाहीरनामा लिहिला, ‘गोंगाटाची कला’. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्राचीन जग शांत होते, एकोणिसाव्या शतकात यंत्र आले आणि त्याबरोबर गोंगाट जन्मला, आता माणसाचा कान त्याला सरावला आहे, आणि वाद्यवृंदाची मोजकी स्वरजाती त्याला पुरत नाही. ट्राम, मोटारी आणि गर्दी यांचे आवाज मनात जुळवण्यात बीथोव्हेन पुन्हा ऐकण्यापेक्षा अधिक आनंद आहे, असेही तो बेधडक लिहितो. तो केवळ लिहून थांबला नाही. आवाजांची त्याने सहा कुळे पाडली : गडगडाटाचे, शिट्ट्या-फूत्कारांचे, कुजबुजीचे, करकरीचे, धातू-लाकूड-चामडे-दगड यांवरील आघातांचे, आणि माणसा-प्राण्यांच्या आवाजांचे. मग ते काढण्यासाठी वाद्ये बांधली. बाहेरून पाहता लाकडी खोका, पुढे कर्णा आणि मागे दांडा. दांडा फिरवला की आतले चाक तारेला घासते, तार एका ताणलेल्या पडद्याला जोडलेली असते, आणि वरच्या तरफेने तिचा ताण बदलला की आवाज चढतो-उतरतो. म्हणजे आवाज नुसता काढायचा नाही, तर सुरात लावायचा. ही गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे, कारण पुढच्या पुष्कळ मंडळींनी नेमकी तीच सोडून दिली.

२१ एप्रिल १९१४ रोजी मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात या खोक्यांची मैफल झाली. प्रेक्षकांनी आरडाओरड केली, भविष्यवादी मंडळी रंगमंचावरून खाली उतरली, आणि प्रेक्षागृहात चक्क मारामारी झाली. (गोंगाटाविरुद्ध गोंगाट करणारे प्रेक्षक त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात आपलाही वाटा देत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.) त्यानंतर काही महिन्यांतच महायुद्ध पेटले. यंत्राची आणि युद्धाची स्तोत्रे गाणारे हे तरुण आपण होऊन सैन्यात गेले. रुसोलोच्या डोक्याला १९१७ साली गंभीर दुखापत झाली. त्याची मूळ वाद्ये पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीशी झाली. आज दिसतात त्या प्रतिकृती. त्याच्या उत्साहाविषयी मला आदर वाटतो, पण तो उत्साह दांडा फिरवणाऱ्याचा आहे, यंत्रापुढे बारा तास उभे राहणाऱ्याचा नव्हे.

या दुसऱ्या माणसाचा विचार करणारा प्रयोग रशियन क्रांतीनंतर झाला. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी बाकू या तेलाच्या शहरात आर्सेनी आव्रामोव्ह याने कारखान्यांचे भोंगे, कॅस्पियन समुद्रातील जहाजांचे कर्णे, आगगाड्यांची इंजिने, तोफा आणि गाणारे समुदाय यांची ‘भोंग्यांची सिंफनी’ घडवून आणली. रोज ज्या भोंग्याने कामावर बोलावले तोच त्या दिवशी वाद्य झाला. कल्पना भव्य खरी. पण अख्खे शहर वाद्य म्हणून वापरायला राजसत्ताच हाताशी लागते, हेही विसरता येत नाही.

ध्वनिमुद्रणाने हा सारा खटाटोप एका खोलीत आणला. फ्रेंच रेडिओतील अभियंता पिएर शेफर याने १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल येथे जाऊन आगगाडीची इंजिने मुद्रित केली, तबकडीची खाच बंद करून एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला आणि त्यातून सुमारे तीन मिनिटांची रचना केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती इतर रचनांसह ‘गोंगाटाची मैफल’ या नावाने प्रसारित झाली. शेफरचे म्हणणे असे की, आवाज कशाचा आहे हे विसरून तो ऐकावा. सरांच्या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर. परंतु हाच शेफर १९८६ साली एका मुलाखतीत म्हणाला की, सा-रे-ग-मच्या बाहेर संगीत नाही हे कळायला आपल्याला चाळीस वर्षे लागली आणि आपले आयुष्य वाया गेले. एका क्षेत्राच्या संस्थापकाने असे म्हणावे, हे वाचून मी दोन दिवस हे टिपण बाजूला ठेवले होते.

दुसरे उत्तर अमेरिकेतील जॉन केजचे, आणि येथे आपल्या देशाचा खरा संबंध येतो. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या आणि त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवले. संगीताचे प्रयोजन काय, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले : मन शांत करणे, म्हणजे ते दिव्य प्रभावांना मोकळे होते. केजने ते आयुष्यभर जवळ बाळगले. पुढे हार्वर्ड येथील ध्वनिशोषक खोलीत बसूनही त्याला दोन आवाज ऐकू आले, आणि ते त्याच्या स्वतःच्याच शरीराचे आहेत असे त्याला सांगण्यात आले. निखळ शांतता नावाची वस्तूच नाही, तेव्हा आहे ते ऐकावे, असा त्याचा निष्कर्ष. केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर याने १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभारली. तेथे १९७२ पर्यंत झालेली मुद्रणे २०२३ साली प्रसिद्ध झाली असून त्यांत गीताबेनचेही काम आहे. या विषयावर आपल्याकडे कोणी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

शेफर आणि केज या दोघांच्याही उत्तरात एक गोष्ट समान आहे : आवाज करणारी वस्तू आणि तिच्यापाशी उभा असलेला माणूस यांना बाजूला सारायचे. ‘औद्योगिक’ हे विशेषण घेऊन पुढे जे संगीत आले, त्याने हे मान्य केले नाही. म्हणूनच ते मला निराळे वाटते.

१९७५ साली लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हा चौघांचा संच निघाला. पुढच्या वर्षी त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची तबकडी-कंपनी काढली, आणि मॉन्टी कझाझा या अमेरिकन मित्राने सुचवलेले ‘औद्योगिक लोकांसाठी औद्योगिक संगीत’ हे तिचे ब्रीद झाले. चौघांपैकी कोणी रूढ अर्थाने गवई वा वादक नव्हते. ख्रिस कार्टर विजेची उपकरणे स्वतः जोडत असे. त्यांच्या खास गुरगुरणाऱ्या आवाजाचे यंत्र तर इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापून आलेल्या आराखड्यावरून केलेले होते. १९७६ च्या त्यांच्या प्रदर्शनानंतर ब्रिटिश पार्लमेंटच्या एका सभासदाने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक म्हटले. १९७७ ची त्यांची पहिली तबकडी अवघ्या ७८५ प्रतींची होती. तिचे नाव एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालासारखे ठेवलेले आहे, आणि ऐकताना खरोखरच मंदीतल्या कंपनीचा अहवाल कोणी घोगऱ्या आवाजात वाचतो आहे असे वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. त्यांच्या कंपनीचे बोधचिन्ह आउशविट्झच्या छळछावणीतील दाहगृहाच्या छायाचित्रावरून केलेले होते. लोकांना हादरवून जागे करणे हा हेतू, असे समर्थन केले जाते. मला ते पटत नाही. ज्यांची माणसे तेथे जळाली त्यांना हादरवण्याची काही आवश्यकता नव्हती. या संगीताच्या नादी लागलेल्या अनेकांनी पुढे हेच धक्कातंत्र उचलले आणि ऐकण्याजोगे काही उरले नाही.

खरे मर्म मला शेफील्ड आणि बर्लिन येथे सापडले. शेफील्ड हे पोलादाचे शहर. तेथे १९७३ साली ‘कॅबरे व्हॉल्टेअर’ हा संच सुरू झाला आणि याच दशकात तेथील पोलादाचा धंदा उतरणीला लागला. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली ‘आइनश्ट्युर्त्सेन्डे नॉयबाउटेन’, म्हणजे ‘कोसळत्या नव्या इमारती’, हा संच उभा राहिला. त्यांच्यातील उन्रू या वादकाने पैशांअभावी आपले ड्रम विकले आणि पत्रे, स्प्रिंगा, नळ असे भंगार जमवून त्यावर वाजवायला आरंभ केला. ३ जानेवारी १९८४ रोजी लंडनच्या एका कलासंस्थेत या मंडळींनी काही सोबत्यांसह रंगमंचालाच ड्रिल लावले. शेवटी कार्यक्रम बंद पाडावा लागला. रुसोलोच्या मैफलीला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती. दोन्हीकडे दंगा, दोन्हीकडे लोखंडाचा आवाज. परंतु रुसोलोपुढचे यंत्र चालू होते, आणि यांच्यापुढचे बंद पडलेले. माझ्या दृष्टीने सगळा अर्थ या फरकात आहे.

लंडनच्या न्यू क्रॉस भागातील ‘टेस्ट डिपार्टमेंट’ या संचाने हा अर्थ सर्वांत प्रामाणिकपणे उघड केला. ओसाड गोदी-कारखान्यांतले लोखंड ते वाजवीत. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर ब्रिटनमधील कोळसा-खाणकामगारांचा संप चालला. त्या काळात त्यांनी दक्षिण वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर जाहीर कार्यक्रम केले आणि १९८५ साली एक तबकडी काढली. तिच्यात एकीकडे पत्र्यांवरचे घणाघाती आघात आहेत आणि दुसरीकडे खाणकामगारांनी चार आवाजांत म्हटलेली जुनी समूहगीते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी उभी राहतात. रचनेच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. मला तो खरेपणा वाटतो.

माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साळखात्यात होते. धोट्याच्या साच्यांनी भरलेल्या त्या खात्यात बोलणे ऐकू येत नसे. ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून काम चाले. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तो त्यांच्या नोकरीचा शेवट. डावा कान पार गेलेला, उजव्याने थोडे ऐकू येते. टिपण लिहिताना मी त्यांना ही मुद्रणे ऐकवली. शेफरची आगगाडी ऐकून म्हणाले, “गाडी सुटली खरी, पण पोचत कशी नाही?” बंद खाचेचे याहून चांगले वर्णन मी कोठे वाचलेले नाही. मग टेस्ट डिपार्टमेंट लावले. त्यांनी उजवा कान पुढे केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“हा साचा न्हाई रं,” ते म्हणाले. “चालू साच्याला माणूस असा ठोकत न्हाई. हे बंद पडलेलं लोखंड हाय. कोण हाईत ही माणसं?”

मी खाणकामगारांच्या संपाचे सांगितले. वर्षभर, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “जितले का?” नाही, म्हणालो. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या वेळी समूहगीत संपण्यापूर्वी ते उठून गच्चीत गेले.

यात श्रोत्याने काय ऐकायचे, या प्रश्नाला मी आता एवढेच म्हणेन, सर : लोखंड चालू आहे की बंद, आणि त्याच्यावर हात कोणाचा, हे ऐकायचे. ही कसोटी प्रत्येक मुद्रणाला लागू पडेल असा माझा दावा नाही. १९७९ पासून मर्झबो या नावाने काम करणारे तोक्योचे मासामी अकिता यांच्या अखंड गर्जनेत लोखंडही ओळखू येत नाही आणि हातही ऐकू येत नाही. तेथे माझी समजूत खुंटते. तेव्हा ज्यांना हे ऐकायचे असेल त्यांनी शेफरच्या तीन मिनिटांपासून आरंभ करावा, मग वेल्सच्या खाणकामगारांकडे जावे. मर्झबोपासून मुळीच सुरुवात करू नये. आणि काहीही ऐकताना आवाज बेताचाच ठेवावा. साळखात्यात ती मुभा नव्हती.