पट्ट्याच्या लोडरचे झिजलेले स्प्रॉकेट : बदलावे केव्हा आणि कसे?



प्रेसमडचे खत ट्रॉलीत भरणे, रान सपाट करणे, चाऱ्या बुजवणे अशा कामांना रबरी पट्ट्याचा छोटा लोडर उपयोगी पडतो. वजन लांब-रुंद पट्ट्यावर वाटले गेल्याने ओल्या काळ्या रानातही तो सहसा रुतत नाही. पण पट्टा महाग असतो, आणि त्याचे आयुष्य मागच्या दातेरी चक्रावर, म्हणजे स्प्रॉकेटवर अवलंबून असते. म्हणून या अंकात आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

इंजिन पंप फिरवते, पंपाच्या तेलावर हायड्रॉलिक मोटर फिरते आणि मोटरवर बोल्टांनी बसवलेले स्प्रॉकेट पट्टा ओढते. बहुतेक पट्ट्यांच्या रबरात लोखंडी तुकडे गाडलेले असतात. स्प्रॉकेटचे दाते त्यांनाच रेटतात. दाते झिजले की दोघांचा मेळ बिघडतो. सायकलची चेन जुनी आणि फ्रीव्हील नवे असले की कसे होते, ते आपण पाहतोच. इथेही तसेच. झिजलेला दाता पट्ट्यातले लोखंड उपटून काढतो, आणि थोड्या खर्चाचे काम मोठ्या खर्चावर जाते.

झीज ओळखावी कशी? चक्र धुऊन दाते नीट पाहावेत. माथा टोकदार झाला असेल, किंवा दाता एका बाजूने आकड्यासारखा दिसत असेल, तर बदलण्याची वेळ आली. ओझे ओढताना किंवा मागे घेताना पट्टा खटखट करीत दाते सोडू लागला, तर आणखी वाट पाहू नये. यंत्र जास्त करून पुढेच चालते, म्हणून दात्याची एकच बाजू आधी झिजते. काही यंत्रांत डावे-उजवे स्प्रॉकेट अदलाबदल करून दुसरी बाजू वापरता येते. मात्र पुस्तकात तशी मुभा असेल तरच, आणि आकडा पडण्याआधीच हे करावे.

बदलताना हा क्रम ठेवावा :

(१) यंत्र कडक, सपाट जागेवर घ्यावे. बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे व किल्ली काढून खिशात ठेवावी.

(२) पट्टा ताणलेला असतानाच स्प्रॉकेटचे बोल्ट थोडे ढिले करावेत. नंतर चक्र गरगर फिरते आणि पाना लागत नाही.

(३) यंत्र उचलून चौकटीखाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या किंवा बकेटच्या जोरावर उचललेल्या यंत्राखाली कोणीही शिरू नये.

(४) ग्रीसच्या दाबाने ताण देणारी रचना असल्यास तिचा व्हॉल्व्ह हळूहळू ढिला करावा, पूर्ण काढू नये. आत दाब फार असतो. तोंड व हात समोर धरू नयेत.

(५) पट्टा उतरवून जुने चक्र काढावे. मोटरचा चेहरा गंज-माती काढून साफ करावा. तेल झिरपत असेल तर सील आत्ताच पाहून घ्यावे.

(६) नवे चक्र नव्या बोल्टांनी बसवावे. बोल्ट समोरासमोर आवळत जावे आणि शेवटी पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने कसावेत.

(७) पट्टा चढवून ताण पुस्तकाप्रमाणे द्यावा. थोडे चालवून बोल्ट व ताण पुन्हा तपासावेत.

शक्यतो दोन्ही बाजूंची चक्रे एकदमच बदलावीत. नवा पट्टा झिजलेल्या चक्रावर कधीही चढवू नये, तो अकाली खराब होतो.

झीज लवकर का होते? दात्यांत अडकलेली माती व वाळू, गरजेपेक्षा जास्त ताण आणि जागच्या जागी गर्रकन वळवण्याची सवय, ही मुख्य कारणे. तेव्हा रोज संध्याकाळी चिखल वाळण्याआधी चक्र साफ करून घ्यावे आणि ड्रायव्हरला रुंद वळण घेण्याची सवय लावावी. सुटे भाग मागवताना यंत्राचा क्रमांक बरोबर द्यावा, कारण दिसायला सारखी चक्रे मापाने वेगळी असू शकतात. गळीत हंगामात यंत्र अडून बसले तर वाहतूकही अडते. म्हणून ही तपासणी हंगामापूर्वीच उरकून घ्यावी, अशी आमची सर्व यंत्रधारक सभासदांना आग्रहाची विनंती आहे.