भाचेबुवांची मान

नाशिककडच्या वणीच्या एका मामांनी सातपूरला कंपनीत लागलेल्या भाच्याला चार पानी पत्र धाडलं आहे. हातात मोबाइल असताना पत्र कशाला? तर फोनवर पोरगं "हो मामा, हो मामा" म्हणतं आणि करायचं तेच करतं. कागद निदान उशाखाली तरी राहील, असा मामांचा हिशेब. अनेक आशीर्वाद लिहून झाल्याबरोबर पहिलंच वाक्य आहे: "ताईचा फोन आला होता. मानेला काय चोपडतोयस?"

ताईने सांगितलेली हकिकत अशी. कंपनी खाद्यपदार्थांची, तिथे दाढी वाढवलेली चालत नाही. मुलगा रोज पहाटे घाईघाईने गुळगुळीत दाढी करतो आणि पहिली पाळी गाठतो. पावसाळ्यात कॉलरच्या खाली लाल पुटकुळ्या उठल्या, आग व्हायला लागली. खोलीतल्या मित्राने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत लाली गायब, स्वारी खूश. ट्यूब थांबवली की पुटकुळ्या दुप्पट जोमाने वर, म्हणून पुन्हा ट्यूब. गणपतीपासून हे चाललंय. दिवाळीला घरी आला तेव्हा ताईला मानेची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसली, खालच्या लाल शिरा उमटलेल्या. ताईला घोर लागलाय तो मुलगी बघायला कसं जायचं याचा. मामांचा जीव अडकलाय ट्यूबमध्ये.

तो उगाच अडकलेला नाही. मामांची मुलगी नाशकात बी.फार्म. करते. तिने ट्यूबचा फोटो मागवला आणि बारीक अक्षरातली नावं वडिलांना वाचून दाखवली: एक जोरकस स्टिरॉइड, एक बुरशीवरचं औषध, एक प्रतिजैविक. अशी तिहेरी मिश्रणं आपल्याकडे खाजेवर, डागावर, पुरळावर सर्रास खपतात. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, मूळ कारण तसंच राहतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि थांबवल्यावर सगळं उसळून वर येतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. 2018 साली केंद्र सरकारने लावायच्या 14 स्टिरॉइडांना शेड्यूल एचमध्ये आणलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा झाला, मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी मागतो कोण? देशभर औषधाला दाद न देणारा गजकर्ण पसरलाय, त्यातही या मलमांचा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. दाढीच्या जागेतही गजकर्ण होतो. त्यावर स्टिरॉइड चोपडलं तर तो वरून ओळखू येत नाही आणि आतून पसरत जातो.

"ट्यूब फेक," असं मामांनी पहिल्या पानावर दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा खाली रेघ मारून.

मग जरा भानावर येऊन ते मुळाशी जातात. गाल धडधाकट आणि मान मात्र भाजल्यासारखी, असं का? गालावरचा केस साधारण खाली वाढतो. मानेवर तसा एक नियम नाही. घाटीच्या एका बाजूला केस आडवे पडलेले, दुसऱ्या बाजूला भोवऱ्यासारखे फिरलेले, कॉलरच्या जवळ तर पुष्कळांचे वरच्या दिशेने वाढणारे. त्यात मानेची कातडी मऊ आणि सैल. तिथे खालून वर, वरून खाली असा रेझर दामटला की केस कातडीच्या पातळीखाली तुटतो. वळणाचा केस असेल तर त्याचं तिरकं, टोकदार टोक वर यायच्या आधीच बाजूच्या कातडीत शिरतं, किंवा बाहेर येऊन पुन्हा आत वळतं. शरीर त्याला काटा समजून सुजवतं. "आपल्या घरातले केस कसे, ते आबांच्या डोक्यावरून आठव," एवढंच मामा आपल्या वडिलांबद्दल लिहितात. बाकी भाच्याला ठाऊक आहे.

या दुखण्यावर स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकन डॉक्टरांनी 1956 सालीच सविस्तर लिहून ठेवलं आहे. कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णी सैनिकांना ते इतकं छळतं, की अमेरिकेच्या लष्करात रोजच्या दाढीतून सूट द्यायची वैद्यकीय चिठ्ठी मिळत आली आहे. खरा उपायही तोच: काही आठवडे वस्तराच थांबवायचा. केस पुरेसा लांब झाला की अडकलेलं टोक आपणहून सुटतं. नखाने उकरायचं नाही, चिमट्याने उपटायचं तर मुळीच नाही. उपटलेला केस पुन्हा येताना तोच खेळ करतो.

एकाच्या जागी तीन आणि पाच पात्यांचे रेझर आले, तेव्हापासून मानेचे हाल वाढले, असं मामांचं ठाम मत आहे. त्यात तथ्य आहे. पहिलं पातं केस किंचित ओढून वर काढतं, मागचं पातं तो जास्त खोल कापतं; गालाला हे मानवतं, वळणाच्या केसाच्या मानेला नाही. जिलेटने 2010 साली भारतासाठी मुद्दाम एका पात्याचं गार्ड बाजारात आणलं, तेव्हा रेझर 15 रुपयांना आणि पातं 5 रुपयांना होतं. त्याआधीच्या एका रेझरची चाचणी कंपनीने अमेरिकेत एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांच्या नळाला धो धो पाणी! इथे येऊन पाहतात तर माणूस जमिनीवर बसून, कपभर पाण्यात, अंधुक उजेडात दाढी करतोय आणि केसांनी रेझर तुंबतोय. त्यातून शिकून गार्ड घडवलं. भाच्याच्या खोलीवरही पाण्याची बोंबच, म्हणून मामांनी हा किस्सा घातलाय: मगभर पाणी बाजूला काढून ठेव, दर दोन ओढींनी पातं त्यात खळखळून घे.

इथे पत्राचा सूर बदलतो. मामांच्या लहानपणी वाड्यावर म्हातारे नाभिक काका यायचे, काखेत धोकटी. त्यांना सुगीला बलुतं मिळे. आबांना ओसरीवर बसवून ते आधी नुसतं पाणी चोळत बसत, किती तरी वेळ, साबण नंतर. वस्तरा उघडण्याआधी बोटांची पेरं मानेवरून फिरवत, मग घाटीपाशी आले की हाताची दिशा बदलत. आबांची मान कधी लाल झाली नाही. मामा मात्र मिसरूड फुटल्याबरोबर नाशकाच्या मेनरोडवरून रेझर घेऊन आले. ओसरीवर बसून दाढी करून घेणं त्यांना जुनाट वाटे. एकच ब्लेड काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला घासघासून ते महिना महिना चालवत, आणि वर तुरटी रगडत. लग्नाच्या फोटोत त्यांनी मान खाली घातलीय ती लाजेने नव्हे. "काका शेजारी बसले होते रे इतकी वर्षं. हात असा का फिरवता, एवढं विचारायला काय झालं होतं मला?" काका गेले. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत.

बोथट ब्लेडची मामांची खंत आता विज्ञानालाही पटलेली आहे. 2020 साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असलेला केसही पात्याच्या धारेचे टवके काढतो, विशेषतः वाकून तिरका आदळला की. मानेवरचा केस वाकतोच. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर पातं बदला असं सांगते. वणीत हा खर्च चैनीचा वाटेल, पण एका पात्याची किंमत चहाच्या आसपास आहे आणि डॉक्टरची फी नाही.

करोनाची टाळेबंदी उठताना, जून 2020 च्या अखेरीस, महाराष्ट्रात सलून उघडली ती फक्त केस कापायला. दाढीला मनाई होती. घरोघरी पोरं आरशापुढे उभी राहिली आणि मोबाइलवर बघून शिकली. मामांच्या मते तिथेच घोळ झाला. पडद्यावरच्या गोऱ्यागोमट्याचा सरळ केस आणि आपला केस यात फरक आहे, हे कोणी सांगायचं?

काय करायचं, ते पत्रात विस्कळीत आलंय, आठवेल तसं. दोन दिवस दाढी वाढू दे आणि सुट्टीच्या दिवशी बोटाने चाचप: जिकडे हात फिरवल्यावर गुळगुळीत लागतं ती केसाची दिशा, रेझर तिकडेच. आधी आंघोळ, मग दाढी; भिजलेला केस फुगून मऊ होतो, कोरडा तारेसारखा अडतो. मान ताणून धरू नकोस, ताण सोडला की तुटलेलं टोक आत जातं. एका जागेवरून पुनःपुन्हा नको. नंतर गार पाणी, साधं बिनवासाचं क्रीम. स्पिरिटचं लोशन नको. तुरटीचा खडा वापरायचाच तर स्वतःचा. सलूनमधला सगळ्यांच्या रक्ताला लागलेला असतो, आणि तिथे नवं ब्लेड डोळ्यांदेखत लावून घे. सगळ्यात बरं म्हणजे ट्रिमर. मिलिमीटरभर खुंट राहिला तर कातडीत शिरायला टोकच उरत नाही. साहेबांना दाढी दिसणार नाही, मानेला वस्तरा लागणार नाही.

आणि मध्येच, पुन्हा: "ट्यूब लावली का आज?"

तिसऱ्या पानावर एक धमकी आहे. गोडी छाटणीनंतर रविवारी भाचा वणीला येतो आणि मामांच्या द्राक्षबागेत फवारणीला हात लावतो, सकाळी नुकतीच दाढी केलेली. भुरीसाठी गंधक, वर आणखी दोन औषधं. गंधक धडक्या कातडीलाही झोंबतं. सोललेल्या, पातळ झालेल्या मानेतून तर विषारी औषध जास्त सहज आत जातं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसं गेली, तेव्हा वणीतही महिनाभर तोच विषय होता. "मान बरी होईपर्यंत बागेत पाय ठेवायचा नाही. आलास तर बांधावरूनच परत पाठवीन," असं मामांनी लिहिलं. खाली, वेगळ्या शाईने: "नुसतं जेवायला ये. मामी वाट बघते."

चौथं पान बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. मधल्या वेळात मुलीने वडिलांना झापलेलं दिसतं. जोरकस स्टिरॉइड इतके दिवस लावल्यावर एकदम बंद केलं तर मान भडकते. ते कसं उतरवायचं हे त्वचेच्या डॉक्टरने ठरवायचं, मामांनी नाही. पुटकुळ्यांत पू आहे, बुरशी आहे की नुसते आत वळलेले केस, हेही तोच सांगणार. शिवाय ट्यूबवरचं नाव आणि किती दिवस लावली ते कळल्याशिवाय त्याला अंदाज येत नाही. तेव्हा दोनदा लिहून, रेघ मारून दिलेला हुकूम मामांनी मागे घेतलाय. फेकू नकोस, खिशात घालून आण.

पत्राचा शेवट मामांच्याच शब्दांत: कंपनीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागू, ट्रिमर चालवून घ्या म्हणून. फीची काळजी करू नकोस, द्राक्षाचे पैसे आलेत. मुलगी बघायला आपण चैत्रात जाऊ, तोवर मान येईल जागेवर; नाही आली तरी जाऊ. सोमवारची सुट्टी टाक. मी पहिल्या एसटीने नाशकाला सीबीएस स्टँडवर उतरतो, तिथेच थांब, आणि दाढी करून येऊ नकोस, डॉक्टरांना मान आहे तशी बघू दे.