ताऱ्याची खूण

इ.स. २००३ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. इंग्लंडमधील मार्टिन लुईस नावाच्या तीस वर्षांच्या एका पत्रकाराने सुमारे शंभर पौंड खर्चून इंटरनेटवर एक संकेतस्थळ उघडले. त्याचे नाव ‘मनी सेव्हिंग एक्स्पर्ट’, म्हणजे पैसे वाचविण्याच्या कामातील जाणकार. शंभर पौंड ही तिकडच्या मानाने अगदीच किरकोळ रक्कम; एखाद्या दुकानाची पाटीही तेवढ्यात रंगवून होणार नाही. पुढे नऊ वर्षांनी, इ.स. २०१२ मध्ये, हेच संकेतस्थळ एका मोठ्या कंपनीने विकत घेतले, तेव्हा त्याची किंमत ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत ठरली. मधल्या काळात वाचण्यासाठी म्हणून कोणाकडून एक पेनीही घेतली गेली नव्हती. जे लिहिले ते सर्वांना फुकट वाचावयास मिळत होते. मग एवढे मोल आले कोठून?

लुईस यांचा जन्म इ.स. १९७२ मध्ये मँचेस्टर शहरी झाला. वडील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. ज्या मुलांना शिकताना विशेष साहाय्य लागते, अशा मुलांची ती शाळा होती. मार्टिन यांना बारा वर्षे पुरी व्हावयाच्या बेतात असताना, वाढदिवसाला अवघे तीन दिवस उरले असता, त्यांच्या आईचे अपघाती निधन झाले. त्यानंतर कित्येक वर्षे हा मुलगा घराबाहेर पडावयासही राजी नसे. मोठेपणी त्यांनी या दुःखाविषयी मोकळेपणाने सांगितले आणि आईबाप गमावलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदतही केली. शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले, नंतर कार्डिफ येथे पत्रकारितेचे धडे गिरविले, आणि पैशाच्या व्यवहारांविषयी ते दूरचित्रवाणीवर व वृत्तपत्रांत बोलू-लिहू लागले.

हा विषय रुक्ष वाटेल. परंतु इंग्लंडमधील सामान्य कुटुंबाला तो चुलीइतका जवळचा आहे. तेथे घरात वीज एकाच तारेतून येते, पण ती विकणाऱ्या कंपन्या अनेक असतात आणि प्रत्येकीचा दर निराळा असतो. गॅसचे तेच, टेलिफोनचे तेच. बँका नव्या ठेवीदाराला पहिले वर्षभर चांगले व्याज देतात. वर्ष सरले की व्याज गुपचूप उतरते. जो ग्राहक वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी निष्ठेने टिकून राहतो, तोच पुष्कळदा अधिक पैसे भरत असतो. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला पन्नास दरपत्रके समोर मांडून बसण्यास सवड कोठली? लुईस यांनी ते काम आपल्याकडे घेतले. बारीक अक्षरांतील अटी वाचावयाच्या, आकडेमोड करावयाची, आणि कोणत्या माणसाने कोठे जावे हे सोप्या भाषेत लिहावयाचे. बदलणारे दर पाहून तेच पान पुनःपुन्हा सुधारावयाचे. दर आठवड्याला निघणारे त्यांचे ईमेलवरील पत्र पुढे लक्षावधी घरांत वाचले जाऊ लागले.

वाचक वाढले तसे काम वाढले. मदतीला माणसे घ्यावी लागली आणि त्या माणसांना पगार द्यावा लागला. फुकट दिलेली वस्तू तयार करावयास फुकट लागत नाही, ही गोष्ट घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पैसा कोठून तरी यावयास हवा होता. वाचकांकडून वर्गणी घ्यावी, तर ज्यांना काटकसरीची सर्वांत अधिक गरज तेच दाराबाहेर राहणार. पानोपानी जाहिराती छापाव्या, तर ज्या बँकेची जाहिरात उजव्या बाजूस तिच्याविषयीचे खरे मत डाव्या बाजूस कसे लिहावयाचे?

लुईस यांनी तिसरा मार्ग धरला. इंटरनेटवरील मजकुरात एखाद्या शब्दावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. त्या जोडणीला ‘लिंक’ म्हणतात. काही लिंकांमध्ये ग्राहक कोठून आला याची नोंद ठेवण्याची सोय असते. समजा, एखाद्या वाचकाने असा लेख वाचून तेथील लिंकवरून एखाद्या बँकेत खाते उघडले, तर ती बँक लेख छापणाऱ्याला ठरलेली रक्कम देते. वाचकाला त्यासाठी जादा काही मोजावे लागत नाही. बाजार समितीत अडत्या जशी अडत घेतो, तसाच हा प्रकार आहे.

पण अडत आली की मोहही आला. अशी कल्पना करा की एका बँकेचे व्याज सर्वांत चांगले आहे, परंतु ती लेखकाला काहीच देत नाही. दुसऱ्या बँकेचे व्याज थोडे कमी आहे, आणि ती प्रत्येक ग्राहकामागे घसघशीत रक्कम देते. लेखात पहिले नाव कोणाचे घालावयाचे? दुसरीचे घातले तरी कोणी पकडणार नाही. वाचकाचे नुकसान वर्षाला दहा-वीस पौंडांचे. त्याला ते कधी कळणारही नाही. असे वाचक मात्र हजारो असतात.

यावर लुईस यांच्या संकेतस्थळाने जो नियम केला, तो असा: आधी शोध घ्यावयाचा आणि वाचकाच्या हिताचे तेच लिहावयाचे. लेख पुरा झाल्यावर मग, त्यात आलेल्या नावांपैकी कोणाकडून मोबदला देणारी लिंक मिळते का, हे पाहावयाचे. मिळाली तर ती जोडावयाची. न मिळाली तर साधी लिंक द्यावयाची. नाव खाली सरकवावयाचे नाही आणि गाळावयाचे तर नाहीच. ज्या लिंकमधून पैसे मिळतात, तिच्यापुढे एक लहानसा तारा छापावयाचा: *. शिवाय त्याच कंपनीची, पैसे न देणारी साधी लिंकही पानावर द्यावयाची. आपल्यामुळे या संकेतस्थळाला मोबदला मिळू नये असे ज्याला वाटेल, त्याने ताऱ्याच्या वाटेने जाऊ नये. मोकळी वाट त्याच्यासाठी खुली आहे.

या नियमातील खरी चतुराई क्रमात आहे. आधी लिंक व मग लेख असे झाले असते, तर तारा नुसता शोभेचा उरला असता. तरीही काही टीकाकार म्हणत, मोबदला घ्यावयाचाच कशाला? ज्याच्याकडून पैसे मिळतात, त्याच्याविषयी माणूस नकळत मऊ होतो. ही शंका निराधार म्हणता येणार नाही. मनुष्यस्वभाव तसाच आहे. लुईस यांनी ‘आम्हांला मोह होतच नाही’ असा दावा करून ती उडवून लावली असती, तर कोणी विश्वास ठेवला नसता. त्याऐवजी पैसे कोठे मिळतात ते प्रत्येक ठिकाणी खूण करून दाखविले गेले. ज्याला तपासावयाचे त्याने तपासावे.

आपल्या देशातही हा प्रश्न आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. मोबाइलवर चित्रफिती करून लाखो प्रेक्षक मिळविणारी मंडळी एखादे तेल, एखादा खेळ, एखादी शिकवणी यांची भरभरून स्तुती करतात. ती मनापासून असते की पैसे घेऊन, हे पाहणाऱ्याला कळावे कसे? जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ‘अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था इ.स. १९८५ मध्ये स्थापन झाली असून तिचे कार्यालय मुंबईत आहे. या संस्थेने इ.स. २०२१ मध्ये नियम केला की, मोबदला घेऊन केलेल्या अशा मजकुरावर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिलेच पाहिजे, आणि तेही सहज दिसेल अशा जागी. फुकट मिळालेली वस्तू किंवा घडलेला प्रवास हादेखील मोबदलाच धरला जातो. सर्वजण हा नियम पाळतात असे मात्र नाही.

लुईस यांच्यावरचा लोकांचा विश्वास केवळ ताऱ्यामुळे बसला नाही. त्याला दुसरेही कारण घडले. इंग्लंडमधील बँका, खात्यात शिल्लक नसताना एखादी रक्कम वळती झाली, तर ग्राहकाकडून तीस-तीस पौंड दंड वसूल करीत. चूक दोन पौंडांची आणि दंड तीसचा! ज्यांच्या खात्यात शिल्लक नाही ते गरीबच असावयाचे. दंडाने शिल्लक आणखी घटे, आणि मग दंडावर दंड चढे. इ.स. २००६ च्या सुमारास लुईस यांनी, हा दंड परत मागावा कसा, हे समजावून सांगण्यास आरंभ केला. नुसते सांगून ते थांबले नाहीत. पत्राचे मसुदेच त्यांनी संकेतस्थळावर ठेवले. ग्राहकाने आपले नाव, खातेक्रमांक व रक्कम भरावयाची आणि पत्र बँकेला धाडावयाचे. लाखो लोकांनी ते मसुदे उतरवून घेतले. ज्यांनी उभ्या आयुष्यात बँकेच्या साहेबापुढे तोंड उघडले नव्हते, अशा पुष्कळांच्या हाती पैसे परत आले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, आणि इ.स. २००९ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. ज्यांचे दावे तोवर पुरे झाले नव्हते, त्यांची मोठी निराशा झाली.

त्याच सुमारास दुसरा एक लढा वाढत होता. कर्ज घेणाऱ्यांच्या गळ्यात बँका एक विमा बांधीत: आजारपण आले वा नोकरी गेली, तर हप्ते विमा भरील. विमा चांगला, पण तो अशा पुष्कळांना विकला गेला की ज्यांना त्याचा लाभ कधी मिळूच शकला नसता. काहींना तर आपण तो घेतला आहे याचा पत्ताच नव्हता. इ.स. २०११ मध्ये न्यायालयाने बँकांचे म्हणणे फेटाळले. मागणी करण्याची मुदत इ.स. २०१९ च्या ऑगस्टमध्ये संपली. तोवरच्या दाव्यांपोटी बँकांना एकंदर ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘तुमचे पैसे आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्या अनेक कंपन्या त्या वेळी निघाल्या. मिळालेल्या रकमेचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक त्या आपल्या खिशात घालीत. लुईस वाचकांना बजावीत राहिले, की या कंपन्यांकडे जाऊ नका. पत्र आम्ही देतो, ते तुम्हीच पाठवा, त्याला काही पडत नाही. अशा सल्ल्यातून पैसा मिळत नसतो.

इ.स. २०१२ मध्ये संकेतस्थळ विकले गेले, तेव्हा वाचकांना काळजी वाटणे साहजिक होते. विकत घेणारी कंपनी दरांची तुलना करून विक्री घडवून आणण्याचा धंदा करणारी होती. म्हणून लेखनाचा नियम, म्हणजे वाचकाचे हित आधी आणि लिंक मागाहून, हा विक्रीच्या करारात बांधून घेण्यात आला. विक्रीतून आलेल्या पैशांपैकी एक कोटी पौंड दानधर्मासाठी द्यावयाचे लुईस यांनी जाहीर केले.

परंतु मिळविलेल्या विश्वासावर दुसऱ्यांचीही नजर असते. लुईस कोणत्याही मालाची जाहिरात करीत नाहीत, हे त्यांनी वारंवार सांगितलेले होते. तरीही त्यांचा चेहरा लावलेल्या खोट्या जाहिराती फेसबुकवर झळकू लागल्या. ‘मार्टिन लुईस म्हणतात, येथे पैसे गुंतवा!’ ज्या माणसाने आपला दंड परत मिळवून दिला, तो सांगतो आहे म्हटल्यावर लोकांनी पैसे भरले आणि ते बुडाले. एका व्यक्तीचे एक लाख पौंडांहून अधिक गेले. वर्षभरात अशा पन्नासांवर जाहिराती आढळल्या. एक काढून टाकावी, तो दुसरी उगवे. अखेर इ.स. २०१८ च्या एप्रिल महिन्यात लुईस यांनी फेसबुक कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. भरपाई मिळाली तर ती दानात देण्याचे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

इ.स. २०१९ च्या जानेवारीत तडजोड झाली. फसवणुकीला बळी पडलेल्यांना साहाय्य करण्यासाठी फेसबुकने ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या सेवाभावी संस्थेला तीस लाख पौंडांची मदत देण्याचे मान्य केले. शिवाय खोटी जाहिरात दिसताच वाचकाला तक्रार करता यावी, अशी सोय इंग्लंडपुरती करण्याचे कबूल केले, आणि त्याच वर्षी ती सुरू झाली. लुईस यांनी स्वतःसाठी काही घेतले नाही.

इ.स. २०२३ च्या जुलै महिन्यात एक नवीच चित्रफीत फिरू लागली. तीत चेहरा लुईस यांचा, आवाजही हुबेहूब त्यांचाच. आणि ते एका गुंतवणुकीची शिफारस करीत होते. ती यंत्राने रचलेली होती. त्यांनी तत्काळ जाहीर केले, की हा मी नव्हे.

अभ्यास

१. वाचकांकडून वर्गणी घेण्यात व पानोपानी जाहिराती छापण्यात लुईस यांना कोणत्या अडचणी होत्या?
२. ‘आधी लेख, मग लिंक’ हा क्रम उलट केला असता तर काय झाले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. टीकाकारांची शंका कोणती होती? ती तुम्हांला पटते का? कारणे द्या.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: अडत, मसुदा, तडजोड, हुबेहूब.